राहीबाईचं क्रियापद

बाईनं लिहायचं, बाईनं शिकवायचं, बाईनं तालमीत उभं राहून एकेक वाक्य करून दाखवायचं, आणि पडदा वर गेला की लुगडं नेसून उभा कोण, तर सायन्सचे डुंबरेसर. याला काय म्हणावं? निंबगव्हाणच्या हायस्कुलात याला शिस्त म्हणत.

फिलोमिना साळवे त्या हायस्कुलात मराठी शिकवायची. नगर जिल्ह्यातलं बेलापूर मागं टाकून उसाच्या पट्ट्यात आत शिरलं की निंबगव्हाण लागतं. कौलारू शाळा, पुढं पटांगण, मागं पाटाचं पाणी. घरी ती आणि तिची आई मरिया, दोघीच. शाळा सुटली की बाकीचे मास्तर आपापल्या नादात रमायचे. पी.टी.च्या गोरक्ष वाकचौऱ्यांनी देशी कोंबडे पाळले होते, आणि एकेका कोंबड्याची कुळी ते सोयरीक जुळवताना सांगावी तशी सांगायचे. हेडमास्तर श्रीमंत थेटे गणिताचे, पण छंद शब्दकोड्यांचा. एकदा त्यांना त्यात घड्याळ लागलं होतं आणि ते घड्याळ ते दिसेल त्याला वेळ सांगून दाखवायचे. फिलोमिनाचा नाद नाटकाचा. मिशनच्या शाळेत सिस्टर लोक दर नाताळाला नाटक बसवायच्या. त्यात ती आधी मेंढपाळ झाली, मग देवदूत, आणि पुढं अंगानं वाढली तशी वर्षानुवर्षं येशूची आई मरिया. फादर म्हणायचे, या पोरीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत सरळ जातो, मधे कुठं वाकत नाही.

तर सत्तर सालची दिवाळी झाली आणि नगरहून पत्रक आलं. जिल्ह्यातल्या माध्यमिक शिक्षकांची एकांकिका स्पर्धा, जानेवारीत. लिहिणारा शिक्षक, बसवणारा शिक्षक, काम करणाराही शिक्षकच हवा. फिलोमिनाला आभाळ ठेंगणं झालं. तिच्याजवळ एक एकांकिका लिहून तयार होती. नाव ‘चार आणे विहीर’. चौघा भावांची एक विहीर असली की कागदावर प्रत्येकाच्या नावापुढं चार आणे हिस्सा लिहितात. या नाटकातली राहीबाई विधवा. नवऱ्याचे चार आणे तिच्या नावावर आलेत आणि ते सोडून दे म्हणून दीर चावडीत पंच बसवून तिचा अंगठा मागतोय. सगळा खेळ त्या चावडीतलाच. आधी दीर बोलतो, मग पंच बोलतात, आणि शेवटी राहीबाई म्हणते, “आता मी बोलते.” त्या एका वाक्यासाठी फिलोमिनानं सगळं लिहिलं होतं, आणि ते वाक्य आपल्या तोंडचं म्हणून लिहिलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत तिनं नाटक वाचून दाखवलं तेव्हा गोरक्षसरांसारखा पैलवान गडी खिडकीकडं तोंड करून बसला. थेटेसर म्हणाले की बक्षीस आपलंच. मग कामं वाटायला घेतली. दीर गोरक्षसर, पंच थेटेसर आणि ड्रॉइंगचे सर. राहीबाईचं नाव निघालं तेव्हा फिलोमिना म्हणाली, ती मी करते. थेटेसरांनी घड्याळाला चावी दिली आणि आण्णांना विचारतो म्हणाले.

आण्णा म्हणजे छगनराव गवांदे, संस्थेचे चेअरमन. शिक्षकांच्या ऑर्डरी त्यांच्या सहीनं निघायच्या. फिलोमिनाची तर अजून कायमची नव्हती, दर जूनला नवी व्हायची. आण्णा शाळेत आले, खुर्चीत बसले, चहा बशीत ओतला आणि निकाल दिला.

“बाई मानूस तोंडाला रंग लावून स्टेजवर? उद्या पोरींचे बाप दाखले काढून नेत्याल. लिवलंय झ्याक, मी न्हाई म्हनत न्हाई. पर काम बाप्यानं करायचं.”

आता हेच आण्णा जत्रेत तमाशाला पहिल्या रांगेत. फेटा मागं सारून रात्रभर बसायचे, आणि आवडलेल्या लावणीला पुन्हा म्हणायला लावायचे. तिथं बाई चालते. तिथं बाईच लागते. पण ती बाई सकाळी शाळेच्या फाटकातून आत येत नाही ना, एवढाच काय तो फरक. फिलोमिनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी आल्यावर तिनं भाकरी थापायला घेतली ती अशी की मरिया म्हणाली, पोरी, त्या परातीनं काय केलंय तुझं.

नाटकच मागं घ्यावं असं तिच्या मनात आलं होतं. पण तसं केलं असतं तर थेटेसरांनी कुठून तरी एक फार्स आणला असता आणि तो नगरला नेला असता. तिचं हे पहिलं नाटक. आपलं लेकरू लंगडं का होईना, चाललं पाहिजे, असं तिनं मनाला समजावलं आणि हो म्हटलं. तिला प्रॉम्प्टिंग दिलं. विंगेत उभं राहायचं, वही हातात धरायची, आणि कुणी अडला की हळूच वाक्य पुरवायचं. म्हणजे बाईचा आवाज चालत होता, फक्त तो लोकांना ऐकू जायला नको होता.

राहीबाईचं काम रंगनाथ डुंबरे यांच्या गळ्यात पडलं. सडपातळ, गोरेले, मिशी नावापुरती, म्हणून. डुंबरेसर वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, फिलोमिनाला धड चिडता तरी आलं असतं. पण ते मन लावून शिकायचे. बायकोचं, पुष्पावतीचं लुगडं आणायचे, चोपून नेसायचे आणि विचारायचे, बाई, इथं राहीबाई पदर कसा घेईल? फिलोमिना दाखवायची. इथं ती कशी बघेल? दाखवायची. शाळा सुटली की सातवीच्या वर्गाची दारं लावून तालीम चालायची, आणि त्या बंद दाराआड राहीबाई रोज फिलोमिनाच व्हायची. गोरक्षसर दीर म्हणून तिच्यावर ओरडायचे आणि ती त्यांना उत्तर द्यायची. थेटेसर पंच म्हणून मान डोलवायचे. मग डुंबरेसर तेच तसंच करून बघायचे. सगळ्यांना दिसत होतं काम कुणाचं आहे ते. दारं लावलेली असली की कुणाचा धर्म बुडत नव्हता.

नाताळच्या दिवशीसुद्धा तालीम ठेवली. थेटेसर म्हणाले, तुमचा सण आहे, सकाळी आटपून या. सण काय दाढी आहे, आटपून यायला? मरियानं केलेल्या करंज्या डब्यात घालून ती गेली, आणि त्या सगळ्यांनी आवडीनं खाल्ल्या.

एक मात्र डुंबरेसरांना जमत नव्हतं. नाटक शांतपणे चाललेलं असलं की ते ‘आले’, ‘गेले’, ‘होते’ सगळं बरोबर म्हणायचे. पण शेवटच्या प्रवेशात राहीबाई चिडते, आणि तिच्याबरोबर डुंबरेसर चिडले की तोंडातून निघायचं, “आता मी बोलतो.” फिलोमिना विंगेतून म्हणायची, ते, सर, ते. बोलते. ते पुन्हा सुरू करायचे, पुन्हा भान हरपायचे, आणि पुन्हा ‘तो’. त्यांची तरी काय चूक? राग आला की माणूस उसनं व्याकरण शोधत बसत नाही, जन्माचं निघतं.

स्पर्धेच्या आधी शाळेच्या पटांगणात रंगीत तालीम झाली. गाव लोटला होता. आण्णा मधोमध खुर्चीवर. डुंबरेसरांनी इतकं चांगलं काम केलं की बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. मग चावडीत राहीबाई उठली, दिरापुढं उभी राहिली, छाती भरून श्वास घेतला आणि गरजली, “आता मी बोलतो.”

मग दुधाचा रतीब घालणारी चांगुणा बायकांतून म्हणाली, “आगं राही, तुला मिशा फुटल्या का गं?”

पटांगण हसून हसून लोळलं. रडणाऱ्या बायकाच सगळ्यांत आधी हसल्या. डुंबरेसरांनी पदर तोंडात धरला, आणि तोही अगदी फिलोमिनानं शिकवला होता तसाच धरला, त्यामुळं लोक आणखी हसले. शेवटचा प्रवेश कुणी ऐकलाच नाही. विंगेत फिलोमिनानं वही मिटली. हसण्याचं दुःख नव्हतं. ज्या वाक्यासाठी सगळं लिहिलं ते वाक्य गावाच्या चेष्टेवारी गेलं, याची तिला चीड आली होती.

दुसऱ्या दिवशी ती थेटेसरांपुढं गेली आणि सरळ म्हणाली, “सर, अजून वेळ आहे. राहीबाई मी करते. मला पाठ करायलाही नको.”

थेटेसर वाईट चेहरा करून म्हणाले की आण्णांचा शब्द म्हणजे शब्द. पण त्यांनी रात्रभर विचार करून तोड काढली होती. गणिताचाच माणूस तो. जिथं घोळ होतो ती पदंच काढून टाकायची. राहीबाईच्या तोंडी ‘ते’ येईल असं क्रियापदच ठेवायचं नाही, म्हणजे ‘तो’ निघायचा प्रश्नच मिटला. शब्दकोडं सुटल्याच्या आनंदात ते सांगत होते. आणि हे काम तुमच्याशिवाय कोण करणार, तुम्ही व्याकरणाच्या, असंही म्हणाले.

म्हणजे बघा. मंगळसूत्र मोडायचं, आणि मोडायला सोनार म्हणून तिलाच बोलवायचं.

फिलोमिनानं ते केलं. रागानं केलं. मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत. “मी नांदायला आले” खोडलं, “नांदायला येणं झालं” घातलं. “मी राबले” खोडलं, “हे हात राबले” घातलं. “मी ऐकत होते” खोडलं, “कानावर पडत हुतं” घातलं. “आता मी बोलते” पाशी ती थांबली. थेटेसरांनी ‘आता मी बोलणार’ सुचवलं. त्यात बाई-बुवा काही कळत नाही, दोघांना चालतं. फिलोमिना म्हणाली, “सर, बोलणार म्हणणारी बाई बोलत नाही. ती उद्यावर ढकलते.” शेवटी तिथं “आता माझं ऐका” आलं. आणि मग तिचा हात थांबेना. “मी माती काढली”, “मी पोर जगवलं”, यात काही घोळ नव्हता, डुंबरेसरांना ते चाललं असतं. तिनं तेही खोडलं. घ्या, म्हणाली, एवढं घेतलंत तर सगळंच घ्या. संपलं तेव्हा अख्ख्या एकांकिकेत राहीबाई ‘मी’ म्हणून काहीही करत नव्हती. पाऊस पडावा तसं तिचं सगळं आपोआप होत होतं.

थेटेसरांनी वाचलं, आणि आता कसं सुटसुटीत झालं म्हणाले.

स्पर्धा नगरला एका शाळेच्या सभागृहात होती. जिल्हाभरातले शिक्षक जमलेले. पारनेरचे होते, अकोले तालुक्यातले होते, शेवगाव-पाथर्डीकडचे होते. बायका एका बाजूला, आपापल्या शाळांच्या घोळक्यात. आण्णा जीपमधून आले आणि पुढच्या रांगेत बसले. ‘चार आणे विहीर’ दुपारी झालं. डुंबरेसर एकदाही अडले नाहीत. गोरक्षसरांनी दिराचं काम असं केलं की, “वहिनी, पुरं झालं. खाली बसा,” या वाक्याला मागच्या बाकांवरून शिव्या आल्या. डुंबरेसर उठले, “बसणं झालं. आता माझं ऐका,” म्हणाले, आणि शिव्या देणारेच माना पुढं काढून ऐकायला लागले. ते काम चांगलंच झालं. फिलोमिना विंगेत उभी होती आणि आपलंच बघणं, आपलंच वळणं, आपलाच पदर समोर चालता-फिरता बघत होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिला आनंद झाला नाही. कुणी आपल्या अंगावरचे कपडे घालून मिरवून आल्यावर कसलं समाधान वाटणार.

संध्याकाळी निकाल. परीक्षक पुण्याहून आलेले म्हातारे प्राध्यापक होते, पांढरं धोतर, काळा कोट, बोलणं संथ. स्त्री-भूमिकेचं पहिलं बक्षीस रंगनाथ डुंबरे. डुंबरेसर शर्ट-पायजम्यात वर गेले, डोळ्यांत काजळ अजून राहिलेलं. मग लेखनाचं पहिलं बक्षीस, श्रीमती फिलोमिना साळवे. तिला मंचावर बोलावून माईकशेजारी उभं केलं आणि परीक्षक तिच्या लेखनाविषयी बोलायला लागले.

ते म्हणाले की या लेखिकेनं एक विलक्षण सूक्ष्म गोष्ट साधली आहे, ती आपल्यातल्या किती जणांच्या लक्षात आली कोण जाणे. “या नाटकातली राहीबाई ‘मी’ हा कर्ता घेऊन एकही क्रियापद उच्चारत नाही. ‘येणं झालं’, ‘हात राबले’, ‘कानावर पडत होतं’. आपल्या समाजात स्त्रीला कर्तेपणच नाही, हे लेखिकेनं निव्वळ व्याकरणातून सांगितलं. इतकी सुंदर खुबी मी फार दिवसांत पाहिली नाही.”

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मराठीचे शिक्षक तर एकमेकांकडं बघून माना हलवायला लागले, जणू त्यांना हे आधीच कळलं होतं. पुढच्या रांगेत आण्णा शेजारच्याला सांगत होते की आमच्या शाळंतल्या बाई. थेटेसरांचा चेहरा लग्नातल्या व्याह्यासारखा फुललेला.

फिलोमिनाला, खरं सांगायचं तर, एक क्षण ते गोड लागलं. एवढ्या मोठ्या माणसानं, एवढ्या लोकांदेखत. नुसतं आभार मानून खाली उतरायचं, बस्स. जूनची ऑर्डर कायमची होऊन आली असती. पण ‘सुंदर खुबी’ हा शब्द तिच्या कानात खुपला आणि मग काही केल्या निघेना. अरे, बाईची जीभ कापली तर कापली, वर त्या कापण्याला कारागिरी म्हणायचं? आणि हे आता पसरणार. उद्या हेच प्राध्यापक कुठंतरी लिहितील, पोरं ते पाठ करतील, राहीबाई कशी गप्प राहून बोलली. कधीच गप्प नव्हती ती. थेटेसर खालून दोन बोटं दाखवत होते, दोन शब्द बोला आणि या.

तिनं माईक धरला. “साहेब, ही खुबी नाही. माझ्या मूळ लेखनात राहीबाई ‘मी’ म्हणते. पानोपानी म्हणते. आमच्या संस्थेत बाईनं रंगमंचावर उभं राहायचं नाही, म्हणून हे काम पुरुषाला दिलं. पुरुषाला रागाच्या भरात ‘बोलते’ म्हणता येईना, म्हणून मग राहीबाईचीच जीभ कापली. कापणारी मी. हुकूम यांचा.” आणि तिनं पुढच्या रांगेकडं बोट केलं.

परीक्षकांनी चष्मा काढला. आण्णा ताडकन उठले. सभा मोठी असो की लहान, आण्णा उठले की निंबगव्हाणात लोक बसतात. तीच सवय इथं आली. त्यांनी हात वर करून खड्या आवाजात सांगितलं,

“बाई, पुरं झालं. खाली बसा.”

आणि सभागृह खदाखदा हसलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी मागून शाब्बास म्हणालं. दुपारीच ऐकलेलं दिराचं वाक्य होतं ते, ‘वहिनी’च्या जागी तेवढं ‘बाई’ आलं होतं. लोकांना वाटलं, निंबगव्हाणकरांनी बक्षीस समारंभासाठी आणखी एक प्रवेश बसवून आणलाय आणि हा फेटेवाला त्यातला दीर नंबर दोन. आण्णांना काही कळेना. ते उभेच राहिले. त्यांच्या डोक्यावरचा फेटा, मिशीवरचा हात, लाल झालेला चेहरा, सगळं त्या कामाला असं शोभत होतं की लोक वन्समोर म्हणायला लागले.

फिलोमिना मात्र हसली नाही. महिनाभर विंगेत उभं राहून त्या वाक्यापुढचं वाक्य पुरवणं हेच तिचं काम होतं. दिरानं खाली बसा म्हटलं की राहीबाईनं काय म्हणायचं, ते तिच्या हाडात मुरलं होतं. तिनं माईक बाजूला सारला.

“बसले व्हते. आजवर बसलेच व्हते. आता मी बोलते.”

हसणं जिथल्या तिथं थांबलं. फादर म्हणायचे ते खोटं नव्हतं. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, मधे कुठं वाकला नाही.

“आजवर तुमी बोलला, मी ऐकत व्हते. मी नांदायला आले तवा हितं विहीर नव्हती, मुरूम हुता. तो मुरूम मी फोडला. पोटुशी असताना टोपलं डोक्यावर घिऊन मी चढले, मी उतरले. सुरुंगाची वात तुमच्या भावानं लावली, आन् त्यो वर आला न्हाई. त्याला मी बाहीर काढला. पानी लागलं ते त्याच्या मागनं लागलं. त्या पान्यात माझं चार आनं हाईत, आन् ते मला कुनी दिल्यालं न्हाईत. मी मिळिवल्यात. अंगठा पायजे तुमाला? ह्यो बघून घ्या. ह्यो उठनार न्हाई. मला म्हनता खाली बस. बसते. चावडीत न्हाई बसत, विहिरीच्या काठाला बसते, आन् ज्याला पानी पायजे त्यानं मला इचारून न्यायचं.”

संपलं. तिला धाप लागली होती. हात कमरेवर कधी गेला होता तेही तिला कळलं नव्हतं. आण्णा अजून उभे होते, आणि आता त्यांच्याकडं बघून कुणी हसत नव्हतं. हे नाटक नव्हतं, हे लोकांना कळून चुकलं होतं. टाळी पहिल्यांदा बायकांच्या बाजूनं आली. अकोल्याकडची एक वयस्क शिक्षिका, पांढरी साडी, चष्मा, ती उभी राहून वाजवत होती आणि तिचे हेडमास्तर तिच्याकडं वळून बघत होते तरी थांबत नव्हती. मग तिच्या आजूबाजूच्या. मग गोरक्षसरांनी आपल्या पैलवानी हातांनी सुरू केली. आण्णा बाकांमधून वाट काढत बाहेर गेले, आणि जीप सुरू झाल्याचा आवाज आत ऐकू आला.

परीक्षक तिच्याजवळ आले. ते म्हणाले की मग या बक्षिसाचं काय करायचं, मी ज्याचं कौतुक केलं ते तर तुमचं नव्हतंच. फिलोमिना म्हणाली, तुम्ही ठरवा, साहेब. चषक टेबलावरच राहिला.

मंचामागं डुंबरेसर भेटले. हातातलं बक्षीस पुढं करून ते म्हणाले की बाई, हे तुमचं आहे. तिनं सांगितलं, काम तुम्ही चांगलं केलंत, ते तुमचंच. त्यांच्यावर आपला राग नाही असं तिला इतके दिवस वाटत होतं. आता त्या काजळ घातलेल्या भल्या डोळ्यांकडं बघताना तिला तोही आला. एकदा, फक्त एकदा, हा माणूस म्हणाला असता की मी हे करत नाही, तर? भला माणूस. भल्या माणसांनीच तर घात केला होता.

मग थेटेसर आले. घाम फुटलेला, आवाज खालचा. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते म्हणाले, “साळवेबाई, जूनची ऑर्डर आता विसरा. आण्णा काही ऐकायचे नाहीत. त्यापेक्षा आपणहून राजीनामा द्या. तुमची शोभा राहील, शाळेचीही राहील.”

“मी राजीनामा देत नाही, सर. तुम्ही काढा मला,” फिलोमिना म्हणाली. “कागदावर कारण लिहा. साळवेबाई बोलते, म्हणून काढली. आणि लिहिताना तेवढं क्रियापद नीट लिहा.”

तिनं पिशवी उचलली आणि सभागृहाबाहेर आली. निंबगव्हाणकरांच्या घोळक्यासाठी ती थांबली नाही. राग उतरला नव्हता आणि तिला तो उतरायला नकोच होता. एस.टी. स्टँडचा रस्ता माणसांनी भरलेला होता. त्या गर्दीतून ती चालत निघाली आणि कोण बघतंय, कोण ऐकतंय याची फिकीर न करता आपलं नाटक पहिल्या वाक्यापासून मोठ्यानं म्हणत गेली.